ज्युपे प्लॅन, १९९५: टाळ्यांपासून माघारीपर्यंतचा एक महिना

१५ नोव्हेंबर १९९५ ला फ्रान्सचे पंतप्रधान अलां ज्युपे संसदेत सोशल सिक्युरिटीचा प्लॅन मांडून खाली बसले आणि त्यांच्या बाजूचे खासदार उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. बरोबर एका महिन्यानी, १५ डिसेंबरला, त्याच प्लॅनमधला पेन्शनचा भाग त्यांना मागे घ्यावा लागला. मधल्या काळात देशभर रेल्वे बंद, पॅरिसची मेट्रो बंद, पोस्ट विस्कळीत, वीज कंपनीतले लोक संपावर आणि ऐन डिसेंबरच्या थंडीत लाखो माणसं रस्त्यावर.

माझे वडील सरकारी नोकरीत होते. घरात सर्व्हिस किती झाली आणि किती राहिली हा हिशोब कायम चालायचा, आईलाही तो तोंडपाठ होता. त्यामुळे पूर्ण पेन्शनसाठी लागणाऱ्या साडेसदतीस वर्षांची चाळीस होणार हे ऐकून फ्रान्समधल्या एखाद्या रेल्वे कामगाराच्या घरी त्या रात्री काय बोलणं झालं असेल हे मला आतून कळतं. आणि दुसरीकडे ज्युपेंचं गणितही चुकलेलं नव्हतं, पैसे खरंच कमी पडत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून मला हे प्रकरण इतकं महत्त्वाचं वाटतं.

आधी माणूस

ज्युपेंचा जन्म १५ ऑगस्ट १९४५ चा, नैऋत्य फ्रान्समधल्या मों-द-मार्सां या छोट्या शहरातला. वडील शेती करायचे आणि दुसऱ्या महायुद्धातले फ्रान्सचे नेते द गोल यांना मानणारे होते. मुलगा अभ्यासात अफाट. पॅरिसचं लुई-ल-ग्राँ हे नावाजलेलं विद्यालय, तिथून एकोल नॉर्माल स्युपेरियर, १९६७ ला ग्रीक-लॅटिनसारख्या अभिजात भाषांमधली आग्रेगासियों ही अतिशय अवघड परीक्षा, मग सियांस पो आणि शेवटी एना. ही एना म्हणजे वरच्या सरकारी अधिकाऱ्यांना घडवण्यासाठी १९४५ ला द गोल यांच्या सरकारनी काढलेली संस्था (२०२२ पासून तिच्या जागी दुसरी संस्था आली). तिथे शेवटी जो नंबर लागतो त्यावर माणसाचं पुढचं सगळं आयुष्य ठरायचं, कारण वरच्या नंबरवाल्यांना तीन मानाच्या केडरमधून एक निवडता यायचं: वित्त निरीक्षणालय, राज्य परिषद किंवा लेखा न्यायालय. १९७२ ला बाहेर पडताना ज्युपे वित्त निरीक्षणालयात गेले.

इथे आपल्या वाचकांसाठी एक फरक सांगायला हवा. आपल्याकडे आयएएस अधिकाऱ्याला निवडणूक लढवायची तर नोकरी सोडावी लागते, दोर कापूनच जावं लागतं. फ्रान्समध्ये अधिकारी आपलं केडर न सोडता राजकारणात जाऊ शकतो, पडला तर परत येऊ शकतो. त्यामुळे तिथल्या उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंच्या नेत्यांमध्ये एनावाले भरलेले असायचे, पुढे अध्यक्ष झालेले जाक शिराक एनाचे, १९९३ ते ९५ मध्ये पंतप्रधान असलेले एदुआर बालादूर एनाचे, समाजवादी लिओनेल जोस्पां पण एनाचे.

१९७६ मध्ये ज्युपे पंतप्रधान शिराक यांच्या ऑफिसात भाषणं लिहिण्यासाठी आले आणि मग शिराकना धरूनच राहिले. शिराक पॅरिसचे महापौर झाले तेव्हा हे महापालिकेत, १९८३ पासून तिथल्या अर्थखात्याची जबाबदारी यांच्याकडे. १९८६ ते ८८ बजेट खात्याचे मंत्री आणि सरकारचे प्रवक्ते, १९८८ पासून आरपीआर या शिराकांच्या पक्षाचे सरचिटणीस, १९९३ ते ९५ परराष्ट्रमंत्री. परराष्ट्र खात्यातली त्यांची दोन वर्षं बोस्निया आणि रवांडाच्या काळातली, अवघड. तिथे त्यांची चांगली छाप पडली. शिराक त्यांच्याबद्दल जाहीरपणे म्हणाले होते की हा बहुतेक आपल्यातला सर्वात चांगला माणूस आहे. हे वाक्य ज्युपेंना आयुष्यभर चिकटलं आणि माझ्या मते त्यांना त्याचा फायद्यापेक्षा त्रासच जास्त झाला.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनी आवर्जून सांगितली पाहिजे. १९९५ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सगळे ओपिनियन पोल बालादूर यांच्या बाजूनी होते, पक्षातले बरेचसे लोक तिकडे पळाले, ज्युपे मात्र शिराकांजवळ थांबले. अशा वेळी थांबणं सोपं नसतं.

सहा महिन्यांत साठत गेलेला राग

शिराक ७ मे १९९५ ला जोस्पांना हरवून अध्यक्ष झाले ते एका मुद्द्यावर: समाजात पडलेली दरी. बेकारी, गरिबी, मागे पडलेली उपनगरं, हे सगळं आपण सांधणार, पगार वाढणं हे रोजगाराच्या आड येत नाही, असा त्यांचा प्रचार. लोकांनी त्यावर विश्वास ठेवून मतं दिली. १७ मे ला ज्युपे पंतप्रधान झाले. संसदेत १९९३ पासूनच उजव्यांकडे ८० टक्क्यांहून जास्त जागा होत्या, म्हणजे विरोधकांची भीती अशी काही नव्हतीच.

पण पैसे नव्हते. मास्ट्रिक्ट करारानुसार एकच युरोपियन चलन यायचं होतं आणि त्यात बसायचं तर सरकारी तूट १९९७ पर्यंत जीडीपीच्या ३ टक्क्यांवर आणायची होती, फ्रान्सची तेव्हा ५ टक्क्यांच्या आसपास होती. त्यातला मोठा तुकडा सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे आजारपणाचा विमा, पेन्शन, कुटुंबभत्ते हे सगळं.

मग एकेक गोष्ट होत गेली. १ ऑगस्टपासून व्हॅट १८.६ वरून २०.६ टक्के झाला, म्हणजे दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला नवं सरकार कळलं ते वाढलेल्या किमतीतून. ऑगस्टच्या शेवटी अर्थमंत्री आलाँ मादलँ गेले, सरकारी कर्मचाऱ्यांच्या सवलतींबद्दल ते उघड बोलले होते. १९९६ साठी सरकारी पगार गोठवले, त्यावर १० ऑक्टोबरला सगळ्या संघटना एकत्र येऊन सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला. सगळ्या संघटना एकत्र! तिथल्या संघटनांमधली भांडणं माहीत असणाऱ्याला त्याच दिवशी धडकी भरायला हवी होती. त्याच महिन्यात रुआंच्या विद्यापीठातून विद्यार्थ्यांचं आंदोलन सुरू झालं, शिक्षक कमी, जागा कमी, पैसे कमी. २६ ऑक्टोबरला शिराकनी टीव्हीवर येऊन सांगितलं की आता तूट कमी करणं हेच पहिलं काम. मे महिन्यात दरी सांधायला मत दिलेल्या माणसानी हे ऐकलं आणि त्याला फसवल्यासारखं वाटलं तर त्यात त्याची काय चूक?

घराचं प्रकरण पण याच काळातलं. ज्युपे पॅरिस महापालिकेच्या मालकीच्या रू जाकोबमधल्या फ्लॅटमध्ये बाजारभावापेक्षा कमी भाड्यानी राहत होते आणि महापालिकेचं अर्थखातं त्यांच्याच हाताखाली होतं. खटला झाला नाही, त्यांनी फ्लॅट सोडला. पण जुलैमध्ये त्याबद्दल टीव्हीवर विचारलं तेव्हा ते म्हणाले, मी माझ्या बुटांत ताठ उभा आहे. फ्रेंचमध्ये हा ठाम राहण्याचा वाक्प्रचार आहे, त्यांना म्हणायचं होतं की माझं मन साफ आहे. लोकांना ऐकू आलं ते वेगळंच, की हा माणूस वाकणार नाही आणि ऐकणारही नाही.

आणि ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळ बदललं. मे मध्ये त्यांनी १२ स्त्रियांना मंत्री केलं होतं, तेव्हा मोठं कौतुक झालं होतं, त्यातल्या ८ जणींना एका दिवसात घरी पाठवलं. ही गोष्ट या प्रकरणात सहसा कोपऱ्यात टाकतात, मला ती मधोमध ठेवावीशी वाटते, कारण आठ दिवसांनी याच माणसाला सगळ्या देशाला सांगायचं होतं की माझ्यावर भरवसा ठेवा.

प्लॅनमध्ये काय होतं

प्लॅन ज्युपेंनी शेवटपर्यंत गुप्त ठेवला. अगदी थोड्या लोकांनी तो तयार केला, बहुतेक कामगार नेत्यांना तो संसदेतल्या भाषणातूनच कळला. त्यातले मोठे भाग असे होते.

पहिला, सोशल सिक्युरिटीच्या खर्चावर इथून पुढे दरवर्षी संसद मतदान करणार, त्यासाठी राज्यघटना बदलायची. हे वाचायला साधं वाटतं पण १९४५ पासून ही व्यवस्था कामगार संघटना आणि मालक यांच्या प्रतिनिधींची मंडळं चालवत होती, पैसा पगारातून कापलेल्या वर्गणीचा, म्हणून तो कामगारांचाच अशी भावना. आजारपणाच्या विम्याच्या राष्ट्रीय मंडळाचं अध्यक्षपद तर १९६७ पासून फोर्स उव्रिएर या संघटनेकडे होतं. संसद मध्ये आली की त्यांच्या हातातली जागा जाणार हे त्यांचे नेते मार्क ब्लोंदेल यांना लगेच कळलं.

दुसरा, साठलेलं कर्ज फेडायला एक नवा कर, सगळ्या उत्पन्नांवर ०.५ टक्के, १३ वर्षांसाठी. नोकरदार, पेन्शनर, कोणाचीच त्यातून फारशी सुटका नाही.

तिसरा, पेन्शन. खाजगी क्षेत्रातल्या लोकांना पूर्ण पेन्शनसाठी साडेसदतीस ऐवजी चाळीस वर्षं भरायला लागणं हे १९९३ मध्येच ठरलं होतं. आता सरकारी नोकर आणि रेल्वे, मेट्रो, वीज अशा खास योजनांमधल्या लोकांनाही तेच लागू करायचं, खास योजनांसाठी एक आयोग नेमायचा. रेल्वेत गाडी चालवणाऱ्याला तेव्हा ५० व्या वर्षी आणि बाकीच्यांना ५५ व्या वर्षी निवृत्त होता यायचं. बाहेरच्याला ही चैन वाटते. आतल्या माणसासाठी ती नोकरीला लागतानाच केलेल्या कराराचा भाग होती, रात्रपाळ्या, सणावाराला घराबाहेर, कमी पगार, हे सगळं त्या पन्नाशीच्या आशेवर काढलेलं.

याशिवाय हॉस्पिटलांचा कारभार, डॉक्टरांच्या खर्चावर नियंत्रण, सगळ्यांना आरोग्य विमा, असे बरेच भाग होते. त्यातला सर्वांना विमा हा भाग खरोखर चांगला होता, पुढे डाव्या सरकारनी २००० पासून वेगळ्या रूपात तो आणला.

आणि या सगळ्यात भर म्हणजे त्याच आठवड्यांत रेल्वे कंपनी एसएनसीएफसोबतचा पुढच्या वर्षांचा करारही आला, त्यात कर्ज, कपात आणि छोट्या लाईन बंद होण्याची भीती. म्हणजे रेल्वे कामगाराच्या घरावर एकाच वेळी दोन बाजूंनी धाड. देश थांबवायची ताकद ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त, त्यांनाच दोन कारणं दिली.

संप

२४ नोव्हेंबरला पहिला मोठा दिवस झाला आणि रेल्वेवाले त्या दिवसानंतर कामावर परत गेलेच नाहीत. चार दिवसांनी पॅरिसची मेट्रो आणि बसही थांबल्या. २८ नोव्हेंबरला मोर्च्यात ब्लोंदेल आणि सीजीटी या दुसऱ्या मोठ्या संघटनेचे लुई व्हियाने यांनी हात मिळवले, या दोन संघटना १९४७ च्या फुटीपासून एकमेकींच्या विरोधात होत्या, त्यामुळे तो हात मिळवलेला फोटो आजही फ्रान्समधल्या कामगार चळवळीच्या इतिहासात येतो. ज्युपेंना जे जमवायला कुणी सांगितलं नव्हतं ते त्यांच्या प्लॅननी जमवलं.

पॅरिस चालायला लागलं. लोक पाच-पाच, दहा-दहा किलोमीटर चालत कामावर जायचे, सायकली बाहेर निघाल्या, रोलर स्केट्सवर माणसं, अनोळखी लोकांना गाडीत घेणं, सेन नदीवरच्या पर्यटकांच्या बोटीतून ऑफिसला जाणं. आणि सरकारनी ज्यावर भिस्त ठेवली होती ते घडलंच नाही, म्हणजे त्रास सोसणारे लोक संपकऱ्यांवर उलटले नाहीत. खाजगी नोकरीतला माणूस स्वतः संप करू शकत नव्हता, नोकरी जायची भीती, पण रेल्वेवाला आपल्या वतीनी लढतोय असं त्याला वाटत राहिलं. फ्रान्समध्ये याला आपल्या वतीनी दुसऱ्यानी केलेला संप असा शब्दच पडला. या एका गोष्टीवर मी खूप विचार केलाय. ज्युपेंचा युक्तिवाद असा की खाजगीवाले चाळीस वर्षं भरतात तर सरकारीवाल्यांनी का नाही, हा न्याय आहे. कागदावर बिनतोड. पण खाजगीतल्या माणसाला ती चाळीस वर्षं स्वतःवरचा अन्याय वाटत होती, मग तोच अन्याय शेजाऱ्यावर झाल्यानी त्याला आनंद का व्हावा?

ज्युपे एका ठिकाणी अशा अर्थाचं बोलून गेले होते की वीस लाख लोक रस्त्यावर आले तर आपलं सरकार टिकणार नाही. झालं, मोर्च्यांना टार्गेट मिळालं, टीव्हीवर रोजचा आकडा त्या वीस लाखांशी ताडून बघायला लागले. १२ डिसेंबरला पोलिसांच्या मोजणीत १० लाखांच्या जवळ आणि संघटनांच्या मोजणीत २० लाखांच्या वर लोक देशभरात उतरले. त्याच दिवशी पॅरिसच्या गार द लियों स्टेशनजवळ समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू रेल्वे कामगारांसमोर बोलले. बुद्धिजीवींचे पण दोन तट पडले होते, एक पत्रक सुधारणेच्या बाजूनी, एक संपकऱ्यांच्या.

सुधारणेच्या बाजूनी म्हणजे काय, तर सीएफडीटी या मोठ्या संघटनेच्या प्रमुख निकोल नोता यांनी आरोग्य विम्याच्या भागाला उघड पाठिंबा दिला होता. एवढ्या विरोधात, स्वतःच्या लोकांच्या शिव्या खात, २४ नोव्हेंबरच्या मोर्च्यात त्यांना अक्षरशः हुसकावून लावलं गेलं. मला या प्रकरणातलं सगळ्यात धाडसी माणूस कोण विचारलं तर मी नोता यांचं नाव घेईन. आणि सरकारनी काय केलं? पेन्शनचा भाग त्याच पुडक्यात बांधून त्यांची बाजू इतकी अवघड करून टाकली की त्यांच्यामागे उभं राहणं कुणालाच सोपं राहिलं नाही.

मग माघार टप्प्याटप्प्यानी आली. आधी पेन्शनचा आयोग थांबवला, मग १५ डिसेंबरला निवृत्तीची वर्षं वाढवणार नाही असं लेखी दिलं, रेल्वेचा करार पण बाजूला ठेवला. हळूहळू गाड्या सुरू झाल्या, ख्रिसमसच्या आधी २१ डिसेंबरला पंतप्रधानांच्या कार्यालयात सगळ्या संघटनांना बोलावून बैठक झाली. ही बैठक नोव्हेंबरच्या आधी झाली असती तर, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

चूक नेमकी कुठे

सोपं उत्तर असं दिलं जातं की एनामधला हुशार, लोकांपासून तुटलेला अधिकारी, दुसरं काय होणार. मला हे पटत नाही. बालादूर पण एनाचेच, राज्य परिषदेतले, वागण्यात तर ज्युपेंपेक्षा राजेशाही. त्यांनीच १९९३ च्या ऑगस्टमध्ये खाजगी क्षेत्राची वर्षं साडेसदतीसची चाळीस केली आणि रस्त्यावर कुणी आलं नाही. कसं केलं? फक्त खाजगी क्षेत्राला हात लावला, जिथे संघटना कमजोर. वाढ दरवर्षी एक तिमाही अशी दहा वर्षांवर पसरवली. पेन्शन शेवटी कुठल्या पगारावर मोजायची तो हिशोब १० चांगल्या वर्षांवरून २५ वर नेला, तो पण हळूहळू, आणि खरं नुकसान तिथे जास्त होतं पण ते कुणाच्या पटकन लक्षात येत नाही. मला ही पद्धत फार आवडते असं नाही, उलट ती जास्त दुखावणारी आहे कारण माणसाला वीस वर्षांनी कळतं. पण ती राजकारण समजणाऱ्या अधिकाऱ्याची पद्धत होती.

ज्युपेंनी उलट केलं. माझ्या वाचनातून मला असं दिसतं की त्यांनी प्लॅन वित्त निरीक्षणालयातल्या एका निरीक्षकासारखा लिहिला. निरीक्षक एखाद्या खात्यात जातो, सगळे आजार शोधतो, आणि वरिष्ठाला एकच पूर्ण रिपोर्ट देतो, अर्धा रिपोर्ट देणं हे त्याच्या कामात अप्रामाणिकपणाचं. त्यामुळे कर्ज, संघटनांचा अधिकार, पेन्शन, हॉस्पिटल, डॉक्टर, सगळं एका भाषणात आलं. रिपोर्ट म्हणून तो उत्तम होता. पण प्रत्येक परिच्छेदाला बाहेर एक मालक होता आणि सगळे मालक एकाच दिवशी जागे झाले. ब्लोंदेल मंडळाच्या अधिकारासाठी, रेल्वेवाले पन्नाशीसाठी, डॉक्टर फी साठी, पेन्शनर नव्या करासाठी.

गुप्तता पण त्याच सवयीतली. रिपोर्ट सादर होईपर्यंत फुटू द्यायचा नाही. ज्युपेंना भीती होती की आधी बोललो तर एकेक तुकडा काढून घेतील, आणि ती भीती खोटी नव्हती, त्याआधीच्या सरकारांचे सोशल सिक्युरिटीचे किती प्लॅन असेच विरघळले होते. पण जे आधी विचारलं नाही ते नंतर रस्त्यावर विचारायला लागलं, आणि रस्त्यावर बोलणी करताना सरकारकडे द्यायला फक्त माघार उरते.

आणि मोठी चूक, जी मला खरी मुळाशी वाटते, ती ज्युपेंची एकट्याची नव्हती. मे महिन्यात शिराकनी जे सांगितलं त्याच्या उलट ऑक्टोबरमध्ये करायचं ठरलं आणि ते लोकांना समजावण्याचं काम ज्युपेंवर टाकलं. अध्यक्षाच्या शब्दाची किंमत पंतप्रधानानी भरली. फ्रान्सच्या घटनेत हे असं नेहमी होतं, पण इतक्या झटक्यात क्वचित.

पुढच्या सरकारांनी यातून काय घेतलं ते बघा. २००३ मध्ये सामाजिक व्यवहार मंत्री फ्रांस्वा फियोंनी सरकारी कर्मचाऱ्यांची वर्षं चाळीस केली, रेल्वे-मेट्रोला हात लावला नाही, आणि सीएफडीटीची सही मिळवली. २००७ मध्ये अध्यक्ष सार्कोझींच्या काळात फक्त खास योजना घेतल्या, संप झाला, साधारण दहा दिवस चालला, पण प्रत्येक कंपनीत वेगळी बोलणी करून पगारात काहीतरी भरपाई देऊन तो पार पडला. म्हणजे १९९५ चा जो परिच्छेद एका भाषणात बसवला होता त्याला बारा वर्षं आणि दोन वेगळ्या सुधारणा लागल्या.

नंतर

पेन्शन गेली, पण बाकीचा बराच प्लॅन टिकला, हे खूप जणांना माहीत नसतं. २२ फेब्रुवारी १९९६ ला घटना बदलली, एप्रिलमध्ये हॉस्पिटल आणि आरोग्य विम्याचे अध्यादेश निघाले, त्याच वर्षी आजारपणाच्या विम्याच्या मंडळाचं अध्यक्षपद फोर्स उव्रिएरकडून जाऊन सीएफडीटीच्या माणसाकडे आलं. आणि तो १३ वर्षांचा ०.५ टक्के कर अजून चालूच आहे, मुदत वाढत वाढत २०३३ पर्यंत गेलीय. फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्या कुणाचीही पगाराची स्लिप बघितली, अगदी तिथे आयटीत काम करणाऱ्या आपल्या मराठी मुलांची सुद्धा, तर त्यात ती कपात दिसते.

ज्युपेंची लोकप्रियता मात्र परत आली नाही. एप्रिल १९९७ मध्ये शिराकनी मुदतीच्या जवळजवळ वर्षभर आधी संसद बरखास्त केली, डावे जिंकले, जोस्पां पंतप्रधान झाले. मग पॅरिस महापालिकेच्या पैशांतून पक्षाच्या लोकांचे पगार दिल्याचा खटला. जानेवारी २००४ ला १८ महिन्यांची स्थगित शिक्षा आणि १० वर्षं निवडणूकबंदी, डिसेंबरमध्ये अपिलात ती १४ महिने स्थगित आणि एक वर्ष बंदी अशी कमी झाली. हा गुन्हाच होता, त्यात सारवासारव करायचं कारण नाही, फक्त ज्या यंत्रणेचा फायदा अख्ख्या पक्षाला आणि मुख्यतः शिराकांना झाला तिची शिक्षा त्यांनी आधी भोगली. ते कॅनडात माँट्रियलला जाऊन सार्वजनिक प्रशासन शिकवत राहिले आणि २००६ मध्ये परत येऊन बोर्दोचे महापौर झाले.

बोर्दोबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९९५ पासून, बंदीचा काळ सोडला तर २०१९ पर्यंत, ते तिथे महापौर. काळवंडलेल्या दगडी इमारती धुतल्या, नदीकाठची जुनी गोदामं हटवून लोकांना नदी परत दिली, २००३ मध्ये ट्राम आणली आणि जुन्या शहरात वरून तारा नकोत म्हणून जमिनीतून वीज देणारी व्यवस्था बसवली, ती सुरुवातीला सारखी बंद पडायची, लोक वैतागले, हे मागे हटले नाहीत. २००७ मध्ये शहर युनेस्कोच्या यादीत आलं. पण यावेळी वस्त्यांमध्ये बैठका, व्यापाऱ्यांशी चर्चा, कामाचे टप्पे आधी सांगणं, हे सगळं होतं. तोच ताठ माणूस, तेच बूट, पण लोक त्याला पहिल्याच फेरीत निवडून द्यायचे. हे शहर चालवणं होतं आणि ते देश चालवणं होतं, दोन्हीची तुलना सरळ होत नाही हे मला मान्य आहे, तरी.

२०१६ मध्ये उजव्यांचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत सगळे पोल त्यांना पुढे दाखवत होते आणि फियोंनी त्यांना दुसऱ्या फेरीत दोन तृतीयांश मतं घेऊन हरवलं. २०१९ ला त्यांची नेमणूक घटना परिषदेवर, म्हणजे कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या संस्थेवर, झाली.

आणि तिथे नोव्हेंबर १९९५ परत आला. १९९६ च्या दुरुस्तीनी घटनेत ४७-१ हे कलम आलं होतं, सोशल सिक्युरिटीच्या बजेटावर संसदेला जास्तीत जास्त ५० दिवस देणारं. २०२३ मध्ये पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांच्या सरकारनी निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारा कायदा याच कलमाखाली आणला, १६ मार्चला मतदान न घेताच पुढे रेटला, १९९५ सारखेच मोर्चे निघाले. १४ एप्रिलला घटना परिषदेनी तो मुख्य भागासकट वैध ठरवला. परिषदेच्या तेव्हाच्या नऊ सदस्यांमध्ये ज्युपे होते.

पुढच्या वर्षी ४ डिसेंबर २०२४ ला पंतप्रधान मिशेल बार्निए यांचं सरकार अविश्वास ठरावावर पडलं, १९६२ नंतर पहिल्यांदाच असं झालं, आणि ते पडलं सोशल सिक्युरिटीच्या त्या वार्षिक बजेटवर, जे ज्युपे प्लॅनच्या आधी संसदेसमोर यायचंच नाही. बार्निए १९९५ च्या त्या डिसेंबरमध्ये ज्युपेंच्या सरकारात युरोप खात्याचे मंत्री होते.